व्हॅन आठ-दहाला येते : दोन लहान मुलांच्या घरातली सकाळ बसवताना

आमचा मोठा सहा वर्षांचा, पहिलीत. धाकटी साडेतीनची; ती माझ्याबरोबर निघते आणि स्टेशनच्या वाटेवरच्या पाळणाघरात थांबते. राहतो डोंबिवलीत, म्हणजे सकाळी घड्याळ कसं पळतं ते वेगळं सांगायला नको. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तेव्हा मला वाटलं, सुटलो. शाळा नऊची झाली खरी, पण व्हॅन गल्लीबोळांतून पोरं गोळा करत जाते, त्यामुळे आमच्या फाटकाशी ती आठ-दहालाच उभी. तुमची शाळा सातची असेल तर खालच्या सगळ्या वेळा दोन तास अलीकडे ओढा. बाकी गणित तेच.

दोन वर्षं मी सकाळी ओरडत होते. माझा आवाज ऐकून समोरच्या काकू घड्याळ लावतात असं नवरा म्हणायचा. मग एका जूनमध्ये ठरवलं की आधी घोळ नेमका कुठे होतो ते बघू, मग सुधारू. आज आमची सकाळ शांत असते असं मी म्हणणार नाही. पण आठवड्यातून चार दिवस व्हॅनकाकांना हॉर्न वाजवावा लागत नाही. ते कसं जमलं, ते क्रमाने सांगते.

पहिला आठवडा : काही बदलू नका, फक्त लिहा

स्वयंपाकघरात भिंतीवर जे कॅलेंडर असतं, त्याच्या चौकटीत पेन्सिलीने रोज एकच ओळ लिहायची: आज कशाने उशीर केला आणि किती मिनिटं खाल्ली. माझ्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी अशा होत्या. सोमवार: मोजा, ६ मिनिटं. मंगळवार: निघताना धाकटीला शी, ११. बुधवार: डायरीत सही राहिली, पेन सापडेना, ४. गुरुवार: परत मोजा. शुक्रवार: पांढरा गणवेश ओला. शनिवार: 'हा फ्रॉक नको', १५.

माझी खात्री होती की वेळ डब्यात जातो, म्हणून मी पहाटे उठण्याची वेळ अलीकडे-अलीकडे आणत चालले होते. नोंदीत डबा एकदाही नव्हता. होतं ते शोधणं, वाट बघणं आणि वाद. यातल्या कशावरही पाच वाजता उठणं हा इलाज नाही. त्यामुळे हा आठवडा गाळू नका. तुमच्या घरातला चोर वेगळा असेल.

मग वेळ उलटी मोजा

आठ-दहाला फाटक. म्हणजे आठ-पाचला दाराबाहेर, आठला बूट. सात-चाळीसला नाश्ता, सात-वीसला अंघोळ, सात-दहाला संडास, सातला दात आणि दूध, सहा-पन्नासला जाग. मधली दहा मिनिटं मुद्दाम मोकळी सोडलीत, ती कुठे ना कुठे जातातच. मी पावणेसहाला उठते. सव्वासहापर्यंतचा अर्धा तास माझा आणि चहाचा, पुढची पस्तीस मिनिटं ओट्याशी.

आता खरी मेख. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास. सहा-पन्नासला उठायचं तर मोठ्याने रात्री सव्वानऊला झोपलेलं असायला हवं. अंथरुणात जाऊन लोळायला सुरुवात नव्हे, झोपलेलं. म्हणजे आठला जेवण, पावणेनऊला दिवे मंद. जी मुलं सकाळी उठत नाहीत ती बहुतेकदा आळशी नसतात, त्यांची झोप कमी पडलेली असते. उठवण्याच्या युक्त्या शोधण्याआधी आठवडाभर झोपण्याची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे घेऊन बघा. एकदम नाही, दर दोन दिवसांनी दहा-दहा मिनिटं.

यात आमच्याकडे एक अडचण होती आणि ती बऱ्याच घरांत असणार. बाबा साडेआठला घरी येतो, दिवसभर मुलं दिसलेली नसतात, मग उड्या, घोडा-घोडा, गादीवर कुस्ती. पोरं साडेदहापर्यंत टक्क जागी. त्याला 'खेळू नकोस' म्हणणं मला जमेना, आणि ते बरोबरही नव्हतं. शेवटी असं ठरलं की रात्रीचं निजवणं पूर्ण त्याच्याकडे: दात घासून देणं, गोष्ट, पाठीवर हात फिरवणं. कुस्ती रविवारी सकाळी. पहिल्या आठवड्यात गोष्ट सांगता सांगता तोच आधी झोपला, पण मुलंही झोपली.

रात्रीचा अर्धा तास

सकाळी काहीही ठरवायचं नाही, एवढा एकच नियम. भाजी कुठली, कपडे कुठले, उद्या कोणता वार, हे सगळं रात्री ठरून जागेवर बसलेलं पाहिजे. सकाळी फक्त हात चालवायचे.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करते. कणीक रात्री मळून, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. सकाळी उठल्याबरोबर बाहेर काढायची, चहा होईपर्यंत ती मऊ येते. फरसबी, गवार, घेवडा निवडून ठेवायला उत्तम. कोबी चिरून चालतो. बटाटा चिरला तर पाण्यात बुडवून, नाहीतर काळा पडतो. कांदा मात्र चिरून ठेवू नका, अख्ख्या फ्रिजला वास लागतो आणि दुधालाही. शेंगदाण्याचं कूट, सोललेला लसूण, खवलेलं खोबरं (हे फ्रीजरमध्ये) हे रविवारी एकदाच. मोडाची मटकी हवी असेल तर हिशोब आधीपासून लागतो: रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून फडक्यात बांधायची आणि त्यापुढे साधारण अर्धा दिवस मोड यायला. मंगळवारच्या डब्याला उसळ हवी तर रविवारी रात्री मटकी पाण्यात पडली पाहिजे.

भाताबद्दल जरा थांबून सांगते, कारण फोडणीचा भात हा सकाळचा सगळ्यांत सोपा डबा. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणी देण्याची आपल्याकडे सवय आहे. लहान मुलांच्या डब्यासाठी ती मोडा. भातात असे जिवाणू असतात की ज्यांचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तर नकोच. जेवणं झाली की उरलेला भात पसरट ताटलीत निववून, तास-दीड तासाच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी चांगली वाफ येईपर्यंत गरम करायचा.

आता दप्तर. 'उद्या काय न्यायचंय?' हा प्रश्न संध्याकाळी सातला विचारा, रात्री दहाला नाही. दहाला विचारलात की हमखास उत्तर येतं, 'आई, चार्टपेपर.' तेव्हा स्टेशनरीचं दुकान बंद झालेलं असतं. आमच्या कपाटावर आता एक चपटा खोका आहे: चार कार्डशीट, घोटीव कागदाचं एक पाकीट, डिंकाची बाटली, जुनी मासिकं चित्रं कापायला, आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. वर्षभरात हा खोका किमान दहा वेळा उघडला.

दप्तराचं वजन एकदा करून बघा. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार पहिली-दुसरीच्या मुलाचं दप्तर १.६ ते २.२ किलोच्या दरम्यान असावं, आणि शिशुवर्गाला दप्तरच नको. वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग दप्तर पाठीला लावून, की फरक कळतो. आमचं तीन किलोच्या वर निघालं. पुस्तकं थोडी होती. बाकी एक अख्खी भरलेली मोठी बाटली, गेल्या सत्राच्या दोन वह्या आणि खालच्या कप्प्यात दगड. वाळूच्या ढिगातले, 'चमकणारे'. दगडांना आता दाराशी एक डबा आहे.

कपडे खुंटीवर नाही, खुर्चीवर. घालायच्या क्रमाने एकावर एक, सगळ्यांत वर चड्डी-बनियन. आणि मोज्यांचा कायमचा बंदोबस्त: जुने सगळे काढून टाका आणि एकाच रंगाचे, एकाच मापाचे सहा जोड घ्या. मग कुठलेही दोन उचलले की जोडी. माझ्या नोंदवहीतले सोमवार-गुरुवार एवढ्यानेच सुटले. हे मला आधी कुणी का सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

डबा : आधी स्वतः खाऊन बघा

डबा भरलेला परत येतो म्हणून मी मुलाला बोलायचे. एका शनिवारी सुट्टी होती तेव्हा वेगळं केलं. नेहमीसारखा आठ वाजता डबा भरला, झाकण लावलं, आणि साडेबाराला उघडून हाताने खाल्ला. थालीपीठ, जे तव्यावरून उतरताना अप्रतिम होतं, ते चामडं झालेलं. पोळी गरम असताना झाकण लावलेलं, त्यामुळे खालची बाजू ओली. बटाट्याची भाजी गार होऊन गोळा. मीच अर्धा डबा ठेवला. तुम्ही जो डबा देता तो एकदा असा शिळा होऊ देऊन खा. पंधरा मिनिटांत खाऊन, हात धुऊन, खेळायलाही जायचंय असं समजून खा.

त्या दिवसापासून चार गोष्टी बदलल्या. पोळी जाळीवर गार केल्याशिवाय डब्यात जात नाही. पोळी आणि भाजी वेगळी देत नाही. भाजी आत भरून सुरळी, मधोमध कापलेली. शाळेत दोन सुट्ट्या असतात, छोटी आणि मोठी. छोट्या सुट्टीच्या डब्यात एका हाताने धरून उभ्याउभ्या खाता येईल असंच काही. आणि डब्याचं झाकण. हे झाकण माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं आहे. घट्ट बसणारे स्टीलचे डबे आपल्याला आवडतात, सांडत नाहीत म्हणून. पहिलीतल्या मुलाच्या बोटांत ते उघडण्याइतका जोर नसतो, आणि वर्गात चाळीस मुलं असताना बाईंकडे डबा घेऊन जायची त्याला लाज वाटते. दुकानातून डबा घेताना मुलाला बरोबर न्या आणि त्याच्याकडून तीनदा उघडून-बंद करून घ्या. जमला नाही तर घेऊ नका, कितीही सुंदर असो.

गार झाल्यावर टिकणारे पदार्थ आपल्या आज्यांना माहीत होते, कारण त्या प्रवासाला शिदोरी बांधायच्या. दशमी घ्या: कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवलेली, थोडा गूळ. दुपारीही मऊ राहते. तिखटमिठाच्या पुऱ्या टिकतात. गूळ-तूप लावलेली पोळीची सुरळी टिकते. इडलीचे चार तुकडे करून त्यांना चटणीपूड आणि तेल चोळून दिलं की ओल्या चटणीची गरज नाही, ती उन्हाळ्यात आंबतेही. धिरडं आणि घावन गार झाल्यावर मऊच राहतात. त्यात नाचणीचं पीठ अर्धं घाला. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तेवढं कुठल्याच दुसऱ्या रोजच्या धान्यात नाही. रंग काळपट येतो म्हणून मुलं नाक मुरडतात. आमच्याकडे 'चॉकलेटी घावन' या नावाने ते खपलं. उपमा आणि पोहे मात्र घरी खा. डब्यात दोघांचाही दगड होतो.

सोमवार ते शुक्रवारच्या डब्यांची यादी मी शुक्रवारी रात्री मुलाला विचारून फ्रिजवर लावते. पाचपैकी दोन दिवस त्याच्या मर्जीचे. यादी ठरलेली असली की 'आज काय दिलंस?' हा वाद संपतो, आणि भाजी आणायला जाणाऱ्यालाही फोन करावा लागत नाही.

धाकटीच्या डब्याचे नियम वेगळे. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, कडक चणे देऊ नका, घशात अडकतात. गाजर-काकडीच्या चकत्यांऐवजी लांब पातळ फोडी, गाजर थोडं वाफवून. नाशिकची द्राक्षं जानेवारीनंतर घरोघरी येतात, ती अख्खी देऊ नका. प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे. आडवे कापले तर तुकडा गोलच राहतो आणि धोका तसाच. कंटाळवाणं काम आहे. करा.

उठवणं, दूध आणि तो मंगळवार

सहा-पन्नासला मी आधी पडदा सरकवते, मग पंखा बारीक करते, मग बोलते. मोठा स्वतः उठतो. धाकटीला पाच मिनिटं मांडीवर घ्यावं लागतं. ती पाच मिनिटं वाचवायला गेले तर पुढे वीस जातात, हे अनुभवाने कळलं.

दात दोघांचे आपणच घासायचे. सात वर्षांपर्यंत मुलांना स्वतः नीट घासता येत नाहीत. त्यांनी आधी घासावं, मग आपण ब्रश फिरवावा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटाराच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी. सकाळी कधी घाईत राहिलं तर राहू द्या. रात्रीचं चुकवू नका.

दूध एक लहान कप. भरला मोठा पेला पाजून 'चला, पोटात काहीतरी गेलं' असं समाधान आपल्याला मिळतं, पण मग नाश्ता जात नाही. दिवसभरात अर्धा लिटरच्या वर दूध पिणारी मुलं जेवत नाहीत आणि त्यांच्यात लोह कमी पडतं, कारण दुधात लोह नसल्यात जमा. चहा तर मुलांना नकोच, अगदी बशीतला घोटभरही. तो अन्नातलं लोह शोषू देत नाही. आजी देतात. त्याबद्दल पुढे.

आता मंगळवारची शी. बूट घालून दाराशी उभं राहिल्यावर 'आई, शी आली' हा प्रसंग ज्या घरात लहान मूल आहे तिथे घडतोच. यामागे साधं शरीरशास्त्र आहे. पोटात काही गेलं की आतड्यांना चालना मिळते, विशेषतः सकाळी. मूल दूध पिऊन, नाश्ता करून तयार होतं आणि बरोबर निघायच्या वेळेला आतडी कामाला लागतात. म्हणून आपणच ती वेळ अलीकडे आणायची: उठल्यावर दात, लगेच कोमट दूध, आणि पाच मिनिटांत संडासात बसवायचं. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा बुटकं स्टूल हवंच. पाय लोंबकळत असले की मुलाला जोर करता येत नाही. बसायचं जास्तीत जास्त दहा मिनिटं, झाली तर झाली. रागवायचं नाही, बक्षीसही नाही, हातात मोबाइलही नाही. आम्हाला ही सवय लागायला तीन आठवडे लागले. पहिले आठ दिवस ती नुसती बसून गाणी म्हणायची. मूल कुंथत असेल, रडत असेल, शी दोन-तीन दिवसांनी कडक होत असेल तर पाणी, पेरू, पपई, पालेभाजी वाढवा आणि तरीही फरक नसेल तर डॉक्टरांना दाखवा. त्यात सवयीचा प्रश्न नाही.

कपड्यांवरून वाद होत असेल तर 'काय घालायचं?' असं कधीच विचारू नका. 'लाल की पिवळा?' असं विचारा, आणि तेही रात्री. साडेतीन वर्षांच्या मुलाला स्वतःचं चालवायचं असतं, ते दोन फ्रॉकांत चालवू द्या.

मोठ्याला स्वतः तयार व्हायला शिकवताना मी एक चूक करत होते: सकाळी घाईत शिकवायला जायचे. शिकवणी रविवारी. आणि शेवटच्या पायरीपासून. म्हणजे चेन आपण बसवून द्यायची, वर ओढणं त्याचं. ते जमलं की चेन बसवणंही त्याचं. प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते त्याच्या हाताने, त्यामुळे त्याला चव लागते. बुटांच्या डाव्या-उजव्यासाठी एक गोल स्टिकर मधोमध कापला आणि अर्धा एका बुटात आत, अर्धा दुसऱ्यात लावला. चित्र जुळलं की बूट बरोबर. लेसचे बूट अजून दोन वर्षं तरी नकोत, वेल्क्रो घ्या.

नाश्त्याला मोबाइल दाखवून भरवण्याबद्दल मी उपदेश करणार नाही, मीही केलंय. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासाच्या वर पडदा नको असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते. पण सकाळपुरतं माझं कारण याहून व्यवहारी आहे: मोबाइल दिल्याने जी आठ मिनिटं वाचतात, ती तो काढून घेताना बारा होऊन परत जातात.

घरातली बाकीची माणसं

'मला जरा मदत कर ना' हे वाक्य मी सोडलं. मदत मागितली की काम माझंच राहतं आणि लक्षात ठेवणंही. आता कामं अख्खी वाटलेली आहेत. अंघोळ, कपडे, बूट आणि व्हॅनपर्यंत सोडणं बाबाचं. त्यात गणवेश रात्री वाळलाय की नाही ते बघणं आलं, मोजे संपत आलेत हे लक्षात येणं आलं, पांढऱ्या गणवेशाचा दिवस आठवणं आलं. पहिल्या महिन्यात मुलगा दोनदा चुकीच्या गणवेशात गेला. मला सांगायची फार उबळ आली होती. नाही सांगितलं. तिसऱ्यांदा झालं नाही.

सासूबाई वर्षातले पाच-सहा महिने साताऱ्याहून आमच्याकडे असतात. त्यांचा जीव मुलांवर, आणि त्या मोठ्यालाही घास भरवतात. भरवलं की पटकन होतं हेही खरं. 'आई, त्याला स्वतः खाऊ द्या' असं मी चारचौघांत म्हटलं आणि दोन दिवस घरात अबोला. नंतर मी वेगळ्या शब्दांत मागितलं: 'आई, सकाळी धाकटीची वेणी आणि तिचा नाश्ता तुम्ही बघाल का? माझ्याने तिची वेणी धड होत नाही.' हे खरंच होतं. त्यांना त्यांचं काम मिळालं, मोठा आपोआप स्वतःच्या हाताने खाऊ लागला. चहाबद्दल मात्र आमचा तह असा आहे की बशीत दूध, आणि त्यात आजीच्या चहाचे दोन थेंब रंगापुरते. सगळं जिंकायला जाऊ नये.

पावसाळ्याची वेगळी तयारी

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात (विदर्भात उन्हामुळे आणखी थोड्या उशिरा), म्हणजे नवं वर्ष, नवे बूट आणि पहिला पाऊस एकदमच. शाळा चालवून घेत असेल तर दोन महिने पावसाळी सँडल घ्या आणि बूट ठेवून द्या. नसेल तर ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासा-दोन तासांनी बदला, आणि रात्रभर पंख्याखाली आडवे ठेवा. तव्यावर किंवा गॅसजवळ नको, तळवा सुटतो. रेनकोट दप्तरावरून जाईल असा, पाठीला फुगा असलेला; लहान मुलाला छत्री देऊ नका, वाऱ्याने ती त्यालाच ओढून नेते. दप्तरात वह्या एका प्लास्टिकच्या पिशवीत आणि तळाशी एक जोड मोजे, एक चड्डी. पाळणाघरात दोन जोड कपडे ठेवूनच टाका.

ताप असलेली सकाळ

हे रात्रीच ठरवता येत नाही, पण सुट्टी कोण घेणार हे ठरवता येतं. आमच्याकडे पाळी आहे: गेल्या वेळी मी, या वेळी तो. फ्रिजवर लिहिलेलं असतं. सकाळी साडेसहाला तापलेल्या पोराशेजारी 'माझी मीटिंग आहे' हे भांडण करण्यात अर्थ नाही.

ताप थर्मामीटरने बघा, कपाळाला हात लावून नव्हे. १००.४ फॅरेनहाइट किंवा त्यावर असेल तर शाळा नाही. औषध देऊन ताप उतरवून पाठवूही नका. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच पाठवा. तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, वयावर किंवा चमच्यावर नाही. मुलाचं ताजं वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेला डोस औषधाच्या खोक्यावर लिहून ठेवा.

जुलाब असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस: मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. निम्मं पाकीट अंदाजाने ग्लासभर पाण्यात टाकू नका, मिठाचं प्रमाण बिघडतं. दर पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. जुलाबात बाळांना जस्ताची औषधंही देतात, ती डॉक्टरांना विचारून. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास शू नाही किंवा शीत रक्त दिसलं, तर वाट बघत घरी बसू नका.

महिन्याने पुन्हा पेन्सिल

हे सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त मोजे आणि झोप, दुसऱ्यात संडासाची वेळ, मग डबा, मग घरातल्यांची वाटणी. मे महिन्यात तर काहीच सुरू करू नका, सगळं मोडतं. महिना झाला की परत एक आठवडा कॅलेंडरवर नोंद घ्या, म्हणजे काय सुटलं आणि काय नवीन आलं ते दिसतं. माझ्या गेल्या आठवड्याच्या चौकटी समोर आहेत. सोमवार: काही नाही. मंगळवार: काही नाही. बुधवार: व्हॅनकाका लवकर. गुरुवार: काही नाही. शुक्रवार: दगड, ७ मिनिटं.